पहिली चीर

दिवाळीच्या आगेमागे कारंजा (घाडगे) तालुक्यात मजूर मिळणं मुश्कील होतं. सोयाबीन नुकतंच निघालेलं, आंबिया बहाराची संत्री तोडणीला आलेली, आणि पऱ्हाटीवर बोंडं फुटू लागली की वेचणीसाठी बायांची जमवाजमव सुरू. कापूस वेचणं बघणाऱ्याला हलकं काम वाटतं. बोंडात बोटं घालून कापूस उपसताना मनगट दर वेळी थोडं वळतं, सुकलेल्या बोंडाची टोकं बोटांना टोचतात, हात कमरेच्या ओट्यात जातो आणि लगेच पुढच्या बोंडावर येतो. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत हेच. म्हणून या दिवसांत मनगट दुखतं असं कुणी सांगितलं तर घरचे मनावर घेत नाहीत, आणि सांगणारीही फारसा आग्रह धरत नाही.

बहुतेकदा ते दुखणं कामाचंच असतं. चार दिवस हात थांबला की जातं. पण समजा, ते गेलं नाही. वेचणी संपली, तूर निघाली, उन्हाळा आला तरी मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला ठणका राहिला, हळूहळू तिथं फुगवटा आला, बांगडी वर सरकेना. मग लेप लागतो, पट्टा बांधला जातो, कुणी हाडवैद्याकडे नेऊन रगडून आणतं. शेवटी कधीतरी ‘फोटो’ निघतो. एक्स-रेवर मनगटापाशी हाडाचं टोक फुगलेलं, आतून पोखरलेलं आणि भोवती हाडाची पातळ कड उरलेली दिसते. आत बारीक पडदे असतील तर ते चित्र साबणाच्या फेसासारखं दिसतं, आणि क्ष-किरणतज्ज्ञही ते याच शब्दांत सांगतात. वय वीस ते चाळीसच्या दरम्यान, जागा सांध्याला अगदी लागून. एवढं जुळलं की डॉक्टरांच्या मनात पहिलं नाव येतं जायंट सेल ट्युमरचं.

ही हाडाची सौम्य गाठ आहे. सौम्य म्हणजे कॅन्सर नाही. सर्वाधिक ती गुडघ्याभोवती होते, मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला आणि नडगीच्या वरच्या टोकाला. त्यानंतर नंबर लागतो मनगटातल्या रेडियस या हाडाचा. पुरुषांपेक्षा स्त्रियांत ती किंचित जास्त आढळते. मनगटातलीच गाठ मी या लेखाच्या मध्यभागी ठेवली आहे, कारण ज्या मुलखात निंदणापासून वेचणीपर्यंतचं बहुतेक काम बाईच्या मनगटावर चालतं, तिथं या गाठीने काय जातं आणि शस्त्रक्रियेने काय वाचवता येतं, हे नीट कळायला हवं.

लाडांचं कारंजा वाशीम जिल्ह्यात. हे कारंजा वर्धा जिल्ह्याच्या वायव्येला, नागपूर-अमरावती महामार्गावर. वर्धा काय नि नागपूर काय, दोन्ही दीड-दोन तासांच्या रस्त्यावर. अंतर फार नाही. अडचण दुर्मीळपणाची आहे. जायंट सेल ट्युमर साधारण दहा लाख लोकांत वर्षाला एक-दोघांना होतो. २०११च्या जनगणनेत वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख ७७४ होती. या हिशेबाने अख्ख्या जिल्ह्यात वर्षाला एक-दोन रुग्ण, आणि लाखभर वस्तीच्या तालुक्याच्या वाट्याला दशकात एखादा. पाश्चात्त्य देशांतल्या नोंदींत हाडांच्या प्राथमिक गाठींमध्ये हिचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास असतो. चीन आणि दक्षिण भारतातल्या काही रुग्णालयांनी तो वीस टक्क्यांपर्यंत नोंदवला आहे. म्हणजे आपल्याकडे ती थोडी जास्त असावी. तरीही गावातल्या डॉक्टरने उभ्या कारकिर्दीत एखादाच असा रुग्ण पाहिलेला असणं अगदी शक्य आहे. त्याला तो पहिल्या फोटोत ओळखता आला नाही, तर दोष त्याचा मानता येत नाही.

आणि ही गाठ कुठल्या खात्यातही मांडली जात नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८१ साली राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम सुरू केला. वर्धा जिल्ह्याची नोंदणी सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतून चालते, आणि खेड्यापाड्यांतला कॅन्सर मोजण्याचं ते काम देशात मोलाचं मानलं जातं. पण नोंदणी कॅन्सरची. सौम्य गाठ तिच्यात येत नाही. जिल्ह्यात अशा किती बाया-माणसांचं मनगट नाहीतर गुडघा पोखरला गेला, याचा आकडा कुठेच तयार होत नाही. आकडा नसला की मागणी नसते, आणि मागणी नसली की जिल्हा पातळीवर कुणी या विषयासाठी दोन तासांचं प्रशिक्षणही घेत नाही.

‘कॅन्सर नाही’ हे दोन शब्द ऐकले की नातेवाईक सुटकेचा श्वास टाकतात. ते साहजिकच आहे. पण त्या सुटकेबरोबर घाईही ओसरते. संत्र्याचा सौदा होऊ द्या, मुलीचं लग्न उरकू द्या, मग बघू. या गाठीला तेवढी सवड द्यायची नसते. ती हाड खाते. कड फुटून बाहेरच्या मऊ भागात शिरली की सांधा वाचवण्याची शक्यता झपाट्याने कमी होते. हाड इतकं पातळ होतं की घागर उचलताना मोडतं. आणि सौम्य असूनही थोड्या रुग्णांत, शंभरातल्या दोन-चारांत, तिच्या पेशी फुप्फुसात जाऊन बसतात. तिथंही त्या बहुधा हळू वाढतात, कधी वर्षानुवर्षं तशाच राहतात, पण लक्ष ठेवावंच लागतं.

गाठीच्या आत चालतं ते मला फार विलक्षण वाटतं. सूक्ष्मदर्शकाखाली जायंट पेशी दिसतात, एकेकीत डझनावारी केंद्रकं असलेल्या. लंडनचे सर्जन ॲस्टली कूपर यांनी १८१८ मध्ये या प्रकारच्या गाठीचं वर्णन केलं. पुढे दीडशे वर्षं लोकांची नजर या अवाढव्य पेशींवरच खिळून राहिली. प्रत्यक्षात त्या शरीराच्या नेहमीच्या हाड विरघळवणाऱ्या पेशींच्या जातीच्या. खऱ्या रोगट पेशी त्यांच्या आजूबाजूच्या साध्या दिसणाऱ्या, लांबट. त्याच एक रासायनिक संकेत सोडतात, त्या संकेताने जायंट पेशी गोळा होतात आणि हाड खाऊ लागतात. २०१३ साली या लांबट पेशींच्या जनुकातला नेमका बदल सापडला. हिस्टोन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात एका ठिकाणी होणारा हा बदल नव्वद टक्क्यांहून अधिक जायंट सेल ट्युमरमध्ये मिळतो. आता बायोप्सीच्या तुकड्यावर त्यासाठी खास रंगप्रक्रिया करता येते, आणि शंकेच्या वेळी पॅथॉलॉजिस्टला तिचा मोठा आधार होतो.

शंका येण्यासारखं पुष्कळ असतं. जायंट पेशी बऱ्याच रोगांत दिसतात. एक उदाहरण प्रत्येक डॉक्टरने लक्षात ठेवावं असं आहे. मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी बिघडल्या तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि हाडांत अगदी अशाच पोकळ्या पडतात. फोटो तसाच, बायोप्सीतल्या पेशीही बऱ्याच तशाच. फरक कळतो तो रक्तातल्या कॅल्शियमच्या आणि पॅराथायरॉइड संप्रेरकाच्या तपासणीत. त्या रुग्णाचं हाड उघडायचंच नसतं. शस्त्रक्रिया मानेतल्या ग्रंथीची, आणि ती झाली की हाडातल्या पोकळ्या आपोआप भरू लागतात. कॅल्शियमची साधी तपासणी न करता मनगट किंवा जबडा खरवडला जाणं ही टाळता येणारी हानी आहे, आणि म्हणूनच ती अक्षम्य आहे.

दुसऱ्या टोकाला खरा कॅन्सर असतो. ऑस्टिओसार्कोमाचा एक प्रकार फोटोत रक्ताने भरलेल्या निरुपद्रवी पोकळीसारखा दिसतो. त्यामुळे क्रम ठरलेला आहे: आधी एक्स-रे, मग एमआरआय, छातीचा फोटो किंवा सीटी, रक्ततपासण्या, आणि या सगळ्यानंतर बायोप्सी. बायोप्सी जाड सुईने, आणि सुई अशा जागेतून घालायची की पुढच्या शस्त्रक्रियेची चीर त्याच रेषेत येईल. सुईची वाट रोगट पेशींनी दूषित झालेली असते आणि ती नंतर गाठीबरोबर काढून टाकावी लागते. बॉस्टनचे हेन्री मॅनकिन आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली ३२९ रुग्णांच्या बायोप्सींचा आढावा घेतला. ते रुग्ण प्रामुख्याने घातक गाठींचे होते, पण धडा सगळ्यांना लागू पडतो. निदानातल्या मोठ्या चुका १८.२ टक्क्यांत निघाल्या. ४.५ टक्के रुग्णांचा अवयव केवळ बायोप्सीच्या गोंधळामुळे कापावा लागला. आणि जिथं पुढचे उपचार होणार तिथं बायोप्सी न करता आधीच्या रुग्णालयात केली, तर अडचणी तिप्पट ते पाचपट जास्त. हे आकडे अमेरिकेतले, साधनांची कमतरता नसलेल्या रुग्णालयांतले.

या लेखाला मी पहिल्या चिरेचं नाव दिलं ते यामुळेच. सौम्य गाठीत सर्वांत चांगली संधी पहिल्या शस्त्रक्रियेला मिळते. तेव्हा हाडाची कड शाबूत असते, मऊ भाग स्वच्छ असतो, सांधा जागेवर असतो. वरवर खरवडून, पोकळीत थोडं हाड भरून घरी पाठवलेली गाठ जवळजवळ दर दोन-तीनांतल्या एका रुग्णात परत येते. परत आलेली गाठ बाहेर पसरलेली असते, तिच्याभोवती जुना व्रण असतो, आणि दुसऱ्या वेळी सर्जनच्या हातात पर्याय कमी उरतात.

नीट केलेलं खरवडणं कसं असतं? दंडावर हवेचा पट्टा फुगवून हातातलं रक्त थांबवलेलं असतं. त्वचा, स्नायू बाजूला करून सर्जन हाडावर येतो. पातळ झालेली कड कधी बोटाच्या दाबानेही चिरकते. तिथं तो खिडकी पाडतो, आणि ही खिडकी जवळजवळ पोकळीएवढी मोठी असते. लहान भोकातून आत चमचा फिरवणं ही या शस्त्रक्रियेतली सर्वांत महागात पडणारी काटकसर. कडेच्या आडोशाला, सर्जनच्या नजरेआड जे उरतं तेच परत वाढतं. आतला गर तांबूस-तपकिरी, मऊ, पट्टा नसेल तर भळाभळा रक्त सोडणारा. वेगवेगळ्या आकाराच्या क्युरेटनी, म्हणजे धारदार चमच्यांनी, तो उपसून काढतात. चमच्याचं काम संपलं असं वाटलं की खरं काम सुरू होतं. आतली भिंत गुळगुळीत नसते, तिच्यात खाचा आणि कंगोरे असतात, आणि प्रत्येक खाचेत पेशी असतात. वेगाने फिरणाऱ्या बरने हे कंगोरे घासून निरोगी हाड दिसेपर्यंत भिंत साफ करतात. मग सलाइनच्या जोरदार धारेने धुणं. त्यानंतर काही सर्जन फिनॉल लावतात, काही हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात, काही विद्युत-दाहाने भिंत भाजतात. द्रव नायट्रोजनने गोठवण्याची पद्धतही आहे. फिनॉल जपून लावावं लागतं, कारण शेजारच्या मज्जातंतूला ते लागलं तर तोही जळतो. यांतलं नेमकं कोणतं श्रेष्ठ यावर सर्जनांत एकमत नाही. बरने कसून घासण्याला पर्याय नाही, यावर मात्र बहुतेकांचं एकमत आहे. एवढं केलं की पुनरुद्भव दहा ते वीस टक्क्यांच्या घरात येतो.

पोकळी भरायची कशाने, हा पुढचा प्रश्न. बोन सिमेंट सांधेरोपणात वापरतात तेच: भुकटी आणि उग्र वासाचा द्रव कालवायचा, मिश्रण कणकेसारखं झालं की पोकळीत दाबून बसवायचं, दहा-पंधरा मिनिटांत ते दगड होतं. घट्ट होताना ते चांगलंच तापतं, आणि त्या उष्णतेने भिंतीतल्या उरल्यासुरल्या पेशी मरत असाव्यात असं मानतात. तीच उष्णता सांध्याच्या कूर्चेला घातक, म्हणून कूर्चेखाली आधी हाडाच्या तुकड्यांचा थर देऊन मग सिमेंट भरतात. सिमेंटचा आणखी एक फायदा रुग्णाच्या पुढच्या आयुष्यात कामी येतो. एक्स-रेत ते पांढरंशुभ्र दिसतं, त्यामुळे त्याच्या कडेला गाठ परतली तर काळी रेघ लवकर उमटते. नुसतं हाड भरलं तर नवं हाड आणि परतलेली गाठ यांत फरक करणं जड जातं.

हाडाचे तुकडे रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून घेतात, किंवा बँकेतून. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९८८ मध्ये टिश्यू बँक सुरू केली. दात्यांकडून मिळालेलं हाड तिथं स्वच्छ करून, सुकवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक केलं जातं. मेहेरबाई टाटांच्या १९३१ मधल्या ल्युकेमियाने झालेल्या मृत्यूनंतर दोराबजी टाटांच्या ट्रस्टने १९४१ साली हे रुग्णालय उभं केलं, आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. अणुऊर्जा खात्याकडे कॅन्सरचं रुग्णालय का, असं अनेकांना वाटतं. या बँकेतलं हाड हे त्याचं एक उत्तर.

आता मनगटाकडे. रेडियसची कड फुटून गाठ बाहेर आली असेल, सांध्याचा पृष्ठभाग कोसळला असेल, तर खरवडून भागत नाही. इटलीतल्या मारिओ कांपानाच्ची यांच्या वर्गवारीत ही तिसरी पायरी. इथं रेडियसचं खालचं टोक गाठीसकट काढावं लागतं. मग हात आणि बाहू यांच्यामध्ये पाच-सात सेंटिमीटरची पोकळ जागा उरते. तिथं काय बसवायचं?

जुना आणि अजूनही चालू असलेला उपाय म्हणजे पायाच्या पोटरीतलं फिब्युला हे बारीक हाड आणून बसवणं. ते मनगटाशी सांधा म्हणून राहू शकतं, म्हणजे मनगट थोडं वाकतं. पण त्यासाठी निरोगी पायावर दुसरी शस्त्रक्रिया होते, आणि काही वर्षांनी तो नवा सांधा झिजण्याची किंवा निसटण्याची भीती असते. टाटा मेमोरियलमधले डॉ. अजय पुरी, डॉ. आशिष गुलिया, डॉ. मनीष अगरवाल आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ब्रिटनच्या ‘जर्नल ऑफ बोन अँड जॉइंट सर्जरी’मध्ये दुसऱ्या वाटेचा अनुभव मांडला. त्याच हातातलं करंगळीच्या बाजूचं अल्ना हे हाड घ्यायचं. त्याला चिकटलेले स्नायू न सोडवता, म्हणजे त्याचा रक्तपुरवठा शाबूत ठेवून, ते मोजक्या लांबीवर कापायचं आणि बाजूला सरकवून रेडियसच्या रिकाम्या जागी आणायचं. वरचं टोक उरलेल्या रेडियसशी, खालचं टोक तळहाताकडच्या हाडांशी पट्टीने जोडायचं. पाय उघडावा लागत नाही, बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली शिवाव्या लागत नाहीत, आणि रक्त मिळत राहिल्यामुळे हाड लवकर जुळून येतं.

किंमत ही, की मनगट कायमचं ताठ होतं. वाकत नाही. पण पंजा उताणा-पालथा करता येतो, आणि मूठ आवळता येते. या मुलखातल्या कामाकडे पाहून मला ही वाट रास्त वाटते. भाकरी थापताना, खुरपं धरताना, गवळाऊ गाईची धार काढताना, संत्र्याचा क्रेट उचलताना हाताला जोर लागतो आणि पंजा फिरावा लागतो. वाकणारं पण डळमळीत मनगट कष्टकऱ्याला फार दिवस साथ देत नाही. संगणकावर काम करणाऱ्या मुलीने वेगळा निर्णय घेतला तर तोही योग्यच. मुद्दा एवढाच की शस्त्रक्रियेपूर्वी सर्जनने विचारायला हवं, बाई, तुम्ही दिवसभर या हाताने काय करता? आणि बाईने लाजून ‘काही नाही, घरचंच काम’ असं उत्तर देऊ नये. निंदण, वेचणी, धार, भाकरी सगळं सांगावं.

गुडघ्याचा किंवा खुब्याचा भाग काढावा लागला तर धातूचा कृत्रिम सांधा बसवतात. याचा इतिहास फार थोड्यांना ठाऊक आहे. दक्षिण कॅरोलायनात ऑस्टिन मूर यांनी हॅरल्ड बोलमन यांच्याबरोबर १९४० मध्ये मांडीच्या हाडाचं वरचं टोक काढून तिथं व्हायटॅलियम या मिश्रधातूचा सुमारे फूटभर लांब भाग बसवला. त्या माणसाला झिजेचा त्रास नव्हता, परत परत येणारा जायंट सेल ट्युमर होता. आज घरोघरी ज्या खुबारोपणाची चर्चा असते, त्याच्या मुळाशी या दुर्मीळ सौम्य गाठीचा एक रुग्ण आहे.

मग औषध नाही का? आहे. जायंट पेशींना बोलावणारा तो रासायनिक संकेत अडवणारं डेनोसुमॅब हे इंजेक्शन. अमेरिकेत जून २०१३ मध्ये या गाठीसाठी त्याला मंजुरी मिळाली. दर चार आठवड्यांनी १२० मिलिग्रॅम, पहिल्या महिन्यात आठव्या आणि पंधराव्या दिवशी जादा मात्रा. दुखणं थांबतं, गाठीभोवती हाडाचं कवच तयार होतं, फोटो बघून रुग्ण आणि डॉक्टर दोघेही हरखतात. शस्त्रक्रिया शक्यच नसलेल्या जागी, मणक्यात किंवा कमरेच्या हाडात, ते वरदान आहे. पण ते मारतं जायंट पेशींना. लांबट, मूळ रोगट पेशी नव्या हाडाच्या कवचात लपून राहतात, आणि खरवडणाऱ्या चमच्याला त्या सापडत नाहीत. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. मनीष अगरवाल यांच्या गटाने २०१८ मध्ये आपला अनुभव प्रसिद्ध केला: आधी डेनोसुमॅब देऊन मग खरवडलेल्या रुग्णांत गाठ परतण्याचं प्रमाण ४४ टक्के, न देता खरवडलेल्यांत २१ टक्के. रुग्णसंख्या लहान होती, आणि औषध मिळालेल्यांच्या गाठी कदाचित आधीच जास्त बिघडलेल्या असतील. तरी इशारा दुर्लक्षावा असा नाही. आता भारतीय बनावटीचं डेनोसुमॅब मिळतं, किमती उतरल्या आहेत, आणि म्हणूनच ‘आधी दोन-चार इंजेक्शनं देऊन बघू’ हा मोह वाढण्याची भीती आहे. शिवाय त्याने रक्तातलं कॅल्शियम घसरतं, क्वचित जबड्याचं हाड सडतं, आणि गरोदरपणात ते देता येत नाही. वीस-तीस वर्षांच्या बाईला हे आधी सांगायला हवं.

हाडाच्या सगळ्याच सौम्य गाठी अशा अवघड नसतात. काहींना तर हातही लावायचा नसतो. पोराच्या गुडघ्याजवळ फोटोत योगायोगाने दिसलेला नॉन-ऑसिफाइंग फायब्रोमा वयात येता येता बुजून जातो. गुडघ्याजवळ बाहेर आलेलं हाडाचं टेंगूळ, ऑस्टिओकाँड्रोमा, दुखत-खुपत नसेल तर नुसतं पाहत राहावं. मोठेपणी ते पुन्हा वाढू लागलं तर मात्र लगेच दाखवावं. ऑस्टिऑइड ऑस्टिओमाची गोष्ट वेगळी. दीड-दोन सेंटिमीटरपेक्षाही लहान गाठ, पण मूल रात्री पाय धरून रडतं आणि ॲस्पिरिनच्या जातीच्या गोळीने तासाभरात शांत झोपतं. वाढीचं दुखणं म्हणून वर्ष-दीड वर्ष दुर्लक्ष होतं. पूर्वी यासाठी हाडाचा भलामोठा तुकडा काढत. १९९२ पासून सीटीच्या मार्गदर्शनाखाली सुई आत नेऊन टोक ९० अंशांपर्यंत तापवायचं, सुमारे सहा मिनिटं, अशी पद्धत रुळली. बहुतेक मुलं दुसऱ्या दिवशी चालत घरी जातात. रक्ताने भरलेल्या ॲन्युरिझमल बोन सिस्टवर दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. शिशिर रस्तोगी यांच्या गटाने पोलिडोकॅनॉल टोचून चांगले निकाल मिळवले. शिरांच्या गाठींसाठीचं हे स्वस्त औषध. ही पद्धत आता जगभर वापरली जाते.

कारंज्याहून रस्ते कुठं जातात, हे शेवटी सांगायला हवं. सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, डॉ. सुशीला नायर यांनी तिथं देशातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय काढलं. सुगीच्या वेळी घरटी ज्वारी घालून वर्षभराचा आरोग्यविमा घ्यायचा, ही तिथली योजना आजही जाणत्यांच्या तोंडी असते. सावंगी (मेघे) इथं दत्ता मेघे विद्यापीठाचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. नागपुरात मेडिकल, एम्स, राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय. एमआरआय, बायोप्सी आणि सरळ खरवडणं यांतलं पुष्कळसं जिल्ह्यात किंवा नागपुरात होऊ शकतं. तिसऱ्या पायरीच्या किंवा परतलेल्या गाठीसाठी, सर्जनने स्वतः अशा पुरेशा शस्त्रक्रिया केल्या नसतील, तर मुंबई गाठावी. वर्ध्याहून रात्रीच्या सेवाग्राम एक्स्प्रेसने दुसऱ्या दिवशी दादरला उतरता येतं. दादरमध्ये गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा टाटाच्या रुग्णांसाठी आणि नातेवाइकांसाठी आहे. विदर्भातल्या या संताच्या नावाने मुंबईत पाठ टेकायला जागा मिळते, हा मोठाच आधार. २०१२ पासून टाटाच्या पुढाकाराने नॅशनल कॅन्सर ग्रिड चालू आहे, तीनशेहून अधिक संस्था तिच्यात आहेत, आणि अवघड प्रकरणांवर तज्ज्ञ एकत्र चर्चा करतात. प्रत्येक फोटोसाठी प्रत्येकाने मुंबईला जावं असं राहिलेलं नाही.

पैशासाठी महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना आहे. राजीव गांधी यांच्या नावाने २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली ही योजना वर्ध्यात आली नोव्हेंबर २०१३ मध्ये. संरक्षणाची मर्यादा आता दीड लाखावरून पाच लाख झाली आहे. पण शस्त्रक्रियेला आधी मंजुरी लागते, आणि कुठली शस्त्रक्रिया कुठल्या रुग्णालयात बसते हे भरती होण्यापूर्वी आरोग्यमित्राकडून पक्कं करून घ्यावं. गाठ कॅन्सर नसल्यामुळे कॅन्सरच्या रुग्णाला मिळणारी रेल्वेची सवलत इथं मिळत नाही, आणि मनगटासाठी पाच-सहा फेऱ्या मारणाऱ्या मजूर कुटुंबाला तिकीट, मुक्काम आणि बुडालेली मजुरी हाच खरा खर्च असतो.

त्या फेऱ्या शस्त्रक्रियेनंतरही संपत नाहीत. गाठ परतते ती बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत, म्हणून तेवढा काळ दर तीन-चार महिन्यांनी मनगटाचा आणि ठरावीक अंतराने छातीचा फोटो, पुढे वर्षातून एकदा-दोनदा. याच टप्प्यावर रुग्ण सुटतात. हात चालतोय, दुखत नाही, वेचणी तोंडावर आहे, कशाला जायचं? पण हा फोटो ग्रामीण रुग्णालयातही काढता येतो. सिमेंटच्या कडेला नवी काळी रेघ आहे की नाही एवढंच त्यात बघायचं असतं, आणि तो फोटो मोबाइलवरून सेवाग्रामला किंवा परळच्या टाटाला पाठवता येतो. शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनने डिस्चार्ज कार्डावर पुढच्या फोटोंच्या तारखा आणि कुठली रेघ शोधायची हे मराठीत लिहून द्यावं, आणि तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला एक फोन करून ठेवावा.